घाटगेबाईंची गोळी

आठवड्यातून तीन दिवस, सकाळी पावणेनऊला, मी मालिनी घाटगेबाईंना एक ग्लास पाणी पिताना बघत असे. बघणं एवढंच माझं काम होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दोन वर्षांहून थोडं जास्त. त्या ग्लासात एक पांढरी गोळी विरघळलेली असायची आणि शेवटचा घोट गिळून झाला की बाई तोंड उघडून मला दाखवायच्या. ज्या बाईंसमोर आम्ही चांगले नोकरदार लोक शाळकरी पोरांसारखे चाचरत डच क्रियापदं चालवायचो, त्या बाई जीभ बाहेर काढून माझ्यासमोर उभ्या राहायच्या. मला ते बघवत नसे. पण मान वळवायची मुभा नव्हती.

नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावातली आमची इमारत लांबलचक. प्रत्येक मजल्याला बाहेरून उघडी गॅलरी आणि तिच्यात ओळीने घरांची दारं. चौथ्या मजल्यावर माझं दार आणि बाईंचं दार शेजारी-शेजारी. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, एकटी. बाई मूळच्या कराडच्या. नवऱ्याला रॉटरडॅमच्या बंदरात काम मिळालं म्हणून तीस वर्षांपूर्वी इकडे आल्या, भाषा शिकल्या, आणि इतकी शिकल्या की नव्याने आलेल्या परदेशी लोकांना डच शिकवण्याचीच नोकरी त्यांना लागली. मूलबाळ नव्हतं. नवरा वारल्यावर त्या आल्मेरेला राहायला आल्या. दर शनिवारी सकाळी आम्हा मराठी मंडळींचा वर्ग त्यांच्या घरात भरायचा.

बाई शिकवायच्या ते दरारा ठेवून. डचमध्ये प्रत्येक नामाआधी 'दे' किंवा 'हेट' लागतं आणि कुणाला काय लागतं याला काही नियम नाही. कुणी चुकलं की बाई शिकवणं थांबवून खिडकीबाहेर बघत बसायच्या, चूक सुधारेपर्यंत. "देवालाही विचारलंत तरी तो सांगणार नाही का ते," म्हणायच्या, "पाठ करा." कुणी वाक्य अर्धवट सोडून इंग्रजीत शिरलं तर त्यांना खपत नसे. "घाबरलात तरी वाक्य पुरं करा. डच माणूस मराठी माणसासारखाच क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबतो." सायकल त्या उशिरा शिकल्या होत्या. प्रत्येक पुलाआधी खाली उतरून ती हाताने ढकलत न्यायच्या. आणि त्यांच्या बोलण्याला कायम वेलदोड्याचा वास असायचा. आम्हाला वाटायचं, चहाचा.

मला काही कळलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून दोन वर्षं राहून मला काही कळलं नव्हतं, हे आधीच सांगते.

मार्च महिन्यात करोनामुळे सगळं बंद झालं. ऑफिस घरात आलं, बाईंचा वर्ग स्क्रीनवर गेला. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी बाईंचा निरोप आला: ताप आहे, खोकला आहे, घराबाहेर पडणार नाही, तूही येऊ नकोस. त्या दिवसांत नुसता खोकला ऐकला तरी छातीत धस्स व्हायचं. मी म्हटलं, यादी द्या, सामान दाराच्या कडीला अडकवून जाईन. बाईंनी यादी स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून चिकटवली. दूध, पाव, टोमॅटो. शिक्षिकाच त्या, यादीतही प्रत्येक शब्दाआधी नीट 'दे' आणि 'हेट' लावलेलं. मी गॅलरीत उभी राहून ती उतरवून घेतली आणि आपल्याला तोंडी परीक्षेला बसवलंय असं वाटून हसले.

तिसऱ्या दिवशी नवी यादी चिकटलेली होती. अक्षर वेडंवाकडं. 'दे' नाही, 'हेट' नाही. नुसते शब्द, एकमेकांवर चढलेले. सगळ्यात खाली एक शब्द लिहून असा गिरबटला होता की कागद फाटला होता.

मी फोन केला. उचलला नाही. बेल वाजवली. आतून बाईंचा आवाज आला, पण तो माझ्याशी नव्हता. त्या कुणाला तरी मराठीत सांगत होत्या, "अगं अक्का, चादर झटक. मुंग्या आहेत. भिंतीवरून खाली उतरतायत बघ." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती कराडला होती.

दुपारचे दोन वाजले होते, स्वच्छ ऊन पडलं होतं. मी खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघितलं. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, घामाने निथळत, आणि दोन्ही हातांनी अंगावरून काहीतरी झाडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना मी दिसले नाही. मग त्यांची मान एका बाजूला ओढली गेली, दात घट्ट बसले आणि सगळं अंग झटके देऊ लागलं.

मी आणीबाणीच्या नंबरला फोन लावला. दोन वर्षं शिकलेलं डच माझ्या तोंडातून असं बाहेर पडलं की आजही मला ती वाक्यं आठवत नाहीत. कराडच्या बाईंनी शिकवलेल्या भाषेत मी त्यांच्यासाठी मदत मागितली, एवढं मात्र आठवतं. पायघोळ गाऊन, चष्मे, मास्क घातलेली दोन माणसं आली. मला गॅलरीच्या टोकाला उभं राहायला सांगितलं. दार तोडलं. बाईंना नेताना त्यातला एकजण लांबूनच म्हणाला, "त्या रोज किती पितात?"

मी म्हटलं, "कोण? त्या पीत नाहीत."

त्याने स्ट्रेचर लिफ्टकडे ढकललं.

करोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो साधा फ्लूचा ताप होता. बाई मरायला टेकल्या त्या दारू अचानक बंद झाल्यामुळे. तापाने घरात अडकल्या, होतं ते दीड दिवसात संपलं, आणि सामान आणणारी शेजारीण आपलीच विद्यार्थिनी. पुढे एकदा बाई म्हणाल्या, "तो शेवटचा शब्द 'वाइन' होता. लिहिला आणि खोडला. तुला ते वाचू देण्यापेक्षा मेलेलं परवडलं असं वाटलं. खरंच वाटलं गं. मग मुंग्या आल्या."

हॉस्पिटलातून त्या बारा दिवसांनी परत आल्या. हाडं दिसत होती. दाराशी दीड मीटर अंतर ठेवून त्यांनी मला सगळं सांगितलं, खाली बघत, धडा वाचून दाखवावा तसं. "ते रोज जेवताना एक ग्लास घ्यायचे. मी सोबत द्यायचे. ते गेले, सोबत राहिली." बस, आयुष्याबद्दल त्या एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्याने एक औषध दिलंय. डायसल्फिरम. ते अंगात असताना दारू प्यायली तर माणूस तिथल्या तिथे आजारी पडतो. छाती धडधडते, श्वास लागतो, ओकाऱ्या होतात. जास्त प्यायली तर जीवही जाऊ शकतो. याने इच्छा जात नाही. फक्त भीती बसते. पण गोळी घेताना कुणीतरी समोर बघायला लागतं, नाहीतर माझ्यासारखी माणसं ती घेत नाहीत."

"मी बघेन," मी म्हटलं.

"लगेच हो म्हणू नकोस. मी तुला खोटं सांगेन. आज ना उद्या सांगेनच. त्या दिवशी बाई म्हणून माझं ऐकू नकोस."

त्यांनी अजून एक अट घातली. इथल्या मराठी मंडळात कुणाला कळता कामा नये, आणि कराडला तर नाहीच. दर रविवारी अक्काचा फोन यायचा. अक्काला कळलं तर ती खचेल, म्हणायच्या.

असं आमचं सुरू झालं. पावणेनऊला बाई गॅलरीत यायच्या, मी माझ्या उंबऱ्यात. ग्लासात गोळी टाकली की ती फसफसायची. बाई चमच्याने ढवळून प्यायच्या आणि तळाशी राहिलेला खडूसारखा गाळ मला दाखवायच्या. मग थोडं पाणी घालून तोही पिऊन टाकायच्या. मी एका वहीत तारीख लिहून सही करायची.

औषधाबरोबर आलेलं माहितीपत्रक बाईंनी मला धडा म्हणून दिलं. शनिवारचा वर्ग बंद पडला होता, पण माझ्या एकटीचा गॅलरीत चालू राहिला. "वाच," म्हणाल्या. मी वाचायला लागले. रक्तदाब कोसळू शकतो. शुद्ध हरपू शकते. मृत्यू येऊ शकतो. बाईंनी थांबवलं. "'कान' आणि 'झाल' यात फरक काय?"

"'कान' म्हणजे शकतं. 'झाल' म्हणजे होईल."

"बरोबर. आपण दोघी सध्या 'कान'मध्ये राहतो. आपणच काय, सगळा गाव."

पत्रकात लिहिलं होतं की नुसती दारूच टाळायची असं नाही, तर ती ज्यात ज्यात असते ते सगळं टाळायचं. खोकल्याची औषधं, सॉस, अत्तर, आणि हात धुवायचं सॅनिटायझर. नेमकं त्या वर्षी सगळं जग सॅनिटायझरमध्ये बुडालं होतं. दुकानाच्या दारात बाटली, ट्राममध्ये बाटली, दवाखान्यात बाटली. बाई साबणाची वडी डबीत घालून आणि पाण्याची बाटली घेऊन हिंडायच्या. एकदा सुपरमार्केटच्या दारात एका मुलीने नियमाप्रमाणे त्यांच्या हातांवर फवारा मारला. बाई नको नको म्हणेपर्यंत मारून झाला होता. त्या घरी आल्या त्या चेहरा लालबुंद घेऊन, हात कोपरापर्यंत धुऊन धुऊन सोललेले. माझ्या दाराशी उभ्या राहून स्वतःची नाडी मोजत होत्या. औषधाने झालं की भीतीने, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. त्यानंतर महिनाभर त्या दुकानात गेल्या नाहीत.

"दारू मला शोधत हिंडतेय," म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तिला शोधायचे."

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मला करोना झाला. बरी झाले, पण वास आणि चव गेली ती गेलीच. कांदा आणि सफरचंद मला सारखंच. पुढचं घडलं त्याला ही सबब आहे असं मी कित्येक वेळा स्वतःला सांगितलंय.

गुढीपाडव्याला मी श्रीखंड केलं. इथे क्वार्क नावाचं घट्ट दही मिळतं, त्याचं बरं होतं. दुकानात गोड वस्तूंच्या फळीवर पाकातल्या बेदाण्यांची बरणी दिसली. नाव होतं बूरेनयोंगेन्स, म्हणजे शेतकऱ्यांची पोरं. मला ते नाव गमतीचं वाटलं. खालचं बारीक अक्षर मी वाचलं नाही. बाईंनी प्रत्येक डबा वाचायला शिकवलेली मी, त्या दिवशी वाचलं नाही. वरून दोन चमचे बेदाणे घालून वाटी बाईंच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

पाच-सात मिनिटांत भिंतीवर थाप ऐकू आली. एक, मग सलग.

बाई गॅलरीत खुर्चीला धरून उभ्या होत्या. चेहरा, गळा, कान, सगळं भाजल्यासारखं लाल. डोळे तांबडे. "मेघना, यात काय घातलंस?"

"बेदाणे."

"कुठले?"

मी बरणी घेऊन आले आणि तिथेच उभ्या उभ्या वाचली. ब्रँडीत मुरवलेले बेदाणे. बाईंनी किती खाल्लं होतं? दोन घास. पहिल्या घासाला त्यांच्या जिभेने ओळखलं होतं, आणि त्यांनी दुसरा घेतला होता. हे त्यांनी मला तिथेच, धापा टाकत सांगितलं. "पहिला चुकून. दुसरा चुकून नाही. डॉक्टरला दोन्ही सांग."

मी फोनवर दोन्ही सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं मी बाईंना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, दर दहा मिनिटांनी नाडी मोजून कळवत राहिले. गाडी यायची वेळ आली नाही. एकशे तीस, एकशे सव्वीस, एकशे दहा. त्या तीन तासांत बाई दोनदा ओकल्या आणि प्रत्येक वेळी मला "घाबरू नकोस" म्हणाल्या. माझ्या मनात एकच चाललं होतं, की मी या बाईला मारलं.

संध्याकाळी त्या उठून बसल्यावर मी वही त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "हे माझ्याने होणार नाही. दुसरं कुणीतरी बघा."

"दुसरं कुणी नको," बाई म्हणाल्या. "आज तू बघितलंस हे काय असतं ते. आता तू विसरणार नाहीस. मी विसरेन."

मी वही परत नेली.

त्यानंतर महिन्याभरात अक्का गेली. भारतातली ती दुसरी लाट. कराडच्या हॉस्पिटलात सहा दिवस, आणि मग ऋतुजाचा फोन. ऋतुजा म्हणजे अक्काची मुलगी, बाईंची भाची. अंत्यसंस्कार नगरपालिकेच्या माणसांनी केले, घरच्यांना जवळ जाऊ दिलं नाही. बाईंना इथून निघताच येत नव्हतं, विमानं बंद होती. मी दाराशी उभी राहून काय बोलायचं ते शोधत होते. बाई म्हणाल्या, "तू जा, तुझं काम असेल." त्या रडल्या नाहीत. पुढचे काही दिवस त्या ठरल्या वेळी ग्लास घेऊन येत राहिल्या, आणि मला वाटलं, किती धीराच्या आहेत.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी त्या पाणी प्यायल्या, तोंड उघडून दाखवलं आणि वळल्या. माझी नजर ग्लासाकडे गेली.

"बाई, ग्लास दाखवा."

"दाखवला की."

"तळाशी काही नाही."

"हल्ली घरातूनच विरघळवून आणते ना. नीट ढवळली."

"कितीही ढवळली तरी तळाशी खडू राहतो. तुम्हीच दाखवला होतात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. शनिवारच्या वर्गात बघायच्या तसं. "मेघना, आता तू मला शिकवणार?"

माझ्या जिभेवर 'सॉरी बाई' आलं होतं. खरं सांगते, मी आत जाणार होते. पण मी तिथेच उभी राहिले आणि विचारलं, "कधीपासून?"

त्या गॅलरीच्या कठड्याला टेकल्या. खालून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. "गेल्या शुक्रवारपासून," त्या म्हणाल्या. "शुक्रवार, सोमवार, आज. औषध अंगातून जायला चौदा दिवस लागतात. शेवटची घेतल्याला सात झाले."

"आणि बाटली?"

"तांदळाच्या डब्यात. झाकण उघडलेलं नाही."

"खरं?"

"खरं."

मला वाटलं की उपाय सोपा आहे. आता गोळी द्यायची, माझ्यासमोर. मी गोळी आणायला सांगणार, तोच माझ्या मनात आलं, त्या खोटं बोलत असल्या तर? रात्री थोडी प्यायल्या असल्या, आणि अंगात औषध थोडंच उरल्याने ती सोसली असली, तर ही गोळी मी माझ्या हाताने त्यांना विष म्हणून देणार होते. आणि दिली नाही तर सात दिवसांनी त्या पिणारच होत्या. माझ्यासमोर माझ्या बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हे मला ठरवायचं होतं. इतकी भीती मला करोनात ताप चढला तेव्हाही वाटली नव्हती.

मी दवाखान्यातल्या नर्सला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, आज गोळी नको. उद्या नऊला त्यांना इकडे घेऊन या, श्वास तपासू, मग बघू. तोवर त्यांना एकटं ठेवू नका.

मी कामावरून सुट्टी घेतली. गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या, मधे अंतर ठेवून. बाईंनी स्वतःच तांदळाचा डबा आणून माझ्या उंबऱ्यात ठेवला. मी त्यात हात घालून बाटली काढली. झाकणाचं सील शाबूत दिसलं, पण एकच बाटली होती कशावरून? मी ती माझ्या सिंकमध्ये ओतली. मला वास येत नव्हता. पांढरी वाइन, जवळजवळ पाण्यासारखीच दिसत होती, आणि याला आपण वर्षभर घाबरतोय याचं मला नवल वाटलं.

दिवसभर बाई बसून होत्या. मधेच बोलायच्या. अक्काने त्यांना नदीत पोहायला कसं शिकवलं, कृष्णेला पाणी असताना. अक्का यांच्या कंबरेला साडी बांधून दुसरं टोक हातात धरून काठावर बसायची. "मी बुडायला लागले तरी ती ओढायची नाही गं. म्हणायची, हात मार. आणि अगदीच गेले की मग ओढायची." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला आत्ता प्यायचंय. मला मरायचं नाहीये. दोन्ही एकदम आहे. तुला कळतंय का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरंय, नको कळायला."

त्या रात्री माझ्या सोफ्यावर झोपल्या. मला झोप लागली नाही. सकाळी आम्ही ट्रेनने दवाखान्यात गेलो. नर्सने नळी पुढे केली, बाईंनी फुंकलं. आकडा शून्य. रक्तही तपासलं, त्यातही काही नव्हतं. दुपारी नर्ससमोर गोळी फसफसली.

परत येताना ट्रेनमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पाणी, गवत, पवनचक्क्या. आल्मेरे यायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस. बरं केलंस."

पुढचं वर्ष तसं सरळ गेलं. सरळ म्हणजे भीत भीत, पण गेलं. मग निर्बंध उठले, विमानं सुरू झाली, आणि बाईंनी कराडला जायचं ठरवलं. ऋतुजा अक्काच्या घरात एकटी होती. तीन महिन्यांसाठी जाते, म्हणाल्या. नर्सची अट होती की तिथेही गोळीला साक्षीदार पाहिजे, नाहीतर औषध बदलावं लागेल. बाईंनी तिला सांगितलं, भाचीला सगळं माहीत आहे, ती बघेल.

मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. त्या उन्हाळ्यात रांग इमारतीबाहेर तंबूत आली होती, तास-दोन तासांची. आम्ही पुढे सरकत होतो, ट्रॉली ढकलत. मला राहवलं नाही.

"बाई, ऋतुजाला सांगितलंय ना?"

त्यांनी ट्रॉलीवरची पिशवी सरळ केली.

"बाई."

"उतरल्यावर सांगेन. समोरासमोर."

रांग दहा पावलं पुढे गेली. बाईंनी पर्समधून फोन काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला. कराडला दुपार झाली असेल. त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या आणि त्यांच्या मधे धरला, स्पीकरवर. एकटीने ऐकायचं धाडस नव्हतं, असं मला वाटतं.

"ऋतुजा, मावशी बोलतेय. अजून बसले नाहीये विमानात. एक सांगायचंय. मी दारू प्यायचे. खूप वर्षं. आता गोळी घेते त्यासाठी. ती घेताना कुणीतरी समोर लागतं. ते तुला करावं लागेल. नको असेल तर आत्ताच सांग, मी इथूनच मागे फिरते."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज. बाईंच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

"मावशी," ऋतुजा म्हणाली, "आईला माहीत होतं."

बाईंनी डोळे मिटले.

"रविवारी तुझा आवाज ऐकून तिला कळायचं. म्हणायची, तिकडे थंडीत एकटी पडलीय, तिला कुणी काही विचारू नका. लाजेल ती." थोडं थांबून ती म्हणाली, "गोळी किती वाजता असते? मला आठला कॉलेजात जायचं असतं. त्याच्या आधी चालेल का?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

बाई तीन महिन्यांनी परत आल्या नाहीत, तिथेच राहिल्या. पुढे दीड वर्षाने तिथल्या डॉक्टरांनी गोळी बंद केली. त्या प्यायलेल्या नाहीत, असं ऋतुजा कळवते. तिचं नाव फोनवर दिसलं की अजूनही, पहिला शब्द ऐकेपर्यंत, मी उभीच राहते. मी त्यांना त्यानंतर पाहिलेलं नाही.

त्या दिवशी तंबूच्या टोकाला मला थांबावं लागलं. पुढे दोऱ्या लावून रांग नागमोडी केली होती, त्यामुळे बाई लांब गेल्या की वळणावर पुन्हा माझ्याजवळ यायच्या. पहिल्या वळणावर त्या म्हणाल्या, "अक्काला माहीत होतं."

दुसऱ्या वळणावर आल्या तेव्हा त्या रागावल्या होत्या. "मग विचारायचं ना तिने," म्हणाल्या. "एकदा तरी विचारायचं." आणि रांगेबरोबर निघून गेल्या.

तिसऱ्या वळणावर दोरीपलीकडून त्यांनी हात पुढे केला. दोन वर्षांत, ते एक पाडव्याचं दुखणं सोडलं तर, आम्ही एकमेकींना हात लावला नव्हता. मी तो धरला. गार होता. त्यांच्या पुढे मोकळी जागा पडत गेली, मागचा माणूस ट्रॉली धरून थांबून राहिला, कुणी काही म्हटलं नाही. मग बाईंनी हात सोडवून घेतला आणि ती मोकळी जागा भरायला भराभर पुढे गेल्या.